विकतचे ऊन

निवास, जेवण व करमणूक एकाच आगाऊ रकमेत देणारी सर्वसमावेशक सुटी क्लब मेडने १९५० मध्ये स्पेनच्या मायोर्का बेटावर अल्कुदियाला तंबू ठोकून रुजवली ती थंडीला कंटाळलेल्या युरोपीयांसाठी. मे महिन्यात सावली शोधणाऱ्या कर्नाटकातल्या भालकी-औरादच्या मराठी कुटुंबाला ऊन विकत घेण्याचे कारणच नाही, ओढ असलीच तर समुद्राची. मायोर्काचा कोरडा जून सुखद खरा, पण तेव्हा इकडे तूर-सोयाबीनची पेरणी अंगावर आलेली असते. शिवाय मनगटावरची रंगीत पट्टी दाखवून हॉटेलात सारे मिळाले, तरी शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे अनेक युरोपीय देशांत चालणाऱ्या सामाईक प्रवेशपरवान्यासाठी, लागणारा किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि हैदराबाद विमानतळापर्यंतची गाडी बहुधा वेगळीच धरावी लागते.