मानेवरचा तो मळ नव्हे!

दोस्तांनो, आजीच्या नाहीतर एखाद्या काकांच्या मानेवर एक गंमत पाहिली असेल तुम्ही. कातडीचाच इवलासा तुकडा, तांदळाच्या दाण्याएवढा, बारीक देठावर लोंबणारा. बोट लावलं की हलतो, दुखत मात्र नाही. आपण त्याला चामखीळ म्हणून मोकळे होतो. पण या एकाच नावाखाली आपण दोन निरनिराळ्या गोष्टी घालतो, बरं का! बोटांवर, गुडघ्यावर येणारी खरखरीत चामखीळ विषाणूमुळे होते आणि एकाची दुसऱ्याला लागू शकते. मानेवर, काखेत, पापणीवर येणारी ही मऊ चामखीळ म्हणजे ‘स्किन टॅग’. ती कुणाला लागत नाही, आणि तो कर्करोगही नव्हे.

कॉलर, साखळी, कातडीच्या घड्या जिथे घासतात तिथे ती जास्त दिसते. पण मान तर सगळ्यांचीच घासते! मग काहींनाच इतक्या चामखिळी का? इथे गोष्टीत येतं इन्शुलिन.

पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. त्यातल्या पेशींच्या लहान लहान बेटांमध्ये हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं. लॅटिनमध्ये ‘इन्सुला’ म्हणजे बेटच. १९२१ साली कॅनडात टोरांटोला बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळं काढण्यात यश मिळवलं आणि जानेवारी १९२२ मध्ये मधुमेह झालेल्या एका १४ वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आलं. तुमच्याच वयाचा की तो!

रक्तातली साखर पेशींनी आत घ्यावी, हा इन्शुलिनचा निरोप. कधीकधी पेशी तो नीट ऐकेनाशा होतात. वजन फार वाढलं, हालचाल कमी झाली की हे जास्त घडतं. काही घराण्यांत ते असतंच. मग स्वादुपिंड काय करतं? वर्ग ऐकत नसला की बाई आवाज चढवतात ना, तसं ते जास्त जास्त इन्शुलिन सोडतं. आणि चढलेला आवाज शेजारच्या वर्गातही जातो! त्वचेच्या पेशींवर वाढीचा निरोप घेणाऱ्या जागा असतात. इन्शुलिन फार झालं की तिथेही जाऊन बसतं, आणि त्वचा उगाचच वाढू लागते. ती जाड, मखमली, काळपट होते आणि तिच्यावर चामखिळी येतात.

आई-बाबांनो, हे तुम्हीही वाचा. मानेच्या मागचा काळा पट्टा मळ समजून घासणीने, दगडाने, लिंबाने खरवडला जातो. पोर रडतं, कातडी सोलते, पट्टा तसाच. वर शाळेत ‘आंघोळ करत नाहीस का रे?’ म्हणून चिडवणं! कृपा करून घासू नका. तो पट्टा दिसला, सोबत चामखिळी असोत वा नसोत, तर मुलाला डॉक्टरांकडे न्या. वजन, रक्तदाब, रक्तातली साखर तपासून घ्या. अनेकदा साखर अजून ठीक असते, म्हणजे सावरायला वेळ असतो. वयात येताना पेशी इन्शुलिनचं थोडं कमीच ऐकतात, म्हणून या वर्षांत लक्ष हवं. आजोबांच्या मानेवर एखाददुसरी चामखीळ आहे म्हणून मात्र घाबरायचं कारण नाही.

घोड्याच्या शेपटीचा केस बांधणं, चुना लावणं हे प्रकार नकोतच. जखम चिघळते, कातडी भाजते आणि रक्तातलं इन्शुलिन होतं तेवढंच राहतं. ते खाली आणायला रोजचं पळणं, खेळणं, पोहणं उपयोगी पडतं, कारण काम करणारे स्नायू साखर भराभर आत घेतात. मग काही महिन्यांत मानेचा काळपटपणा हळूहळू फिका होऊ लागतो. आलेली चामखीळ बहुधा तशीच राहते. नकोच असेल, तर त्वचेचे डॉक्टर जागा बधिर करून ती काही मिनिटांत काढून टाकतात.