झोपेचं सोंग घेतलेला डबा

आमच्या इमारतीत विजेच्या बिलाचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एका पक्षातले लोक भिंतीत मोबाइलचा चार्जर लटकलेला दिसला की तो उपटून ठेवतात आणि नातवंडांना बचतीवर चार शब्द ऐकवतात. दुसरे म्हणतात, "टीव्हीच्या त्या लाल दिव्याला असं कितीसं बिल येणार? आधी मॉलमधले एसी बंद करा." माझं भांडण दोघांशीही आहे.

चार्जरवाल्यांशी आधी. माणसं मनानं चांगली, पण नेम चुकलेला. हल्लीचा बरा चार्जर फोन न जोडता नुसता लटकत राहिला तर वॅटचा दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी वीज घेतो. वर्षभरात एक युनिटही भरत नाही. नवा टीव्हीसुद्धा रिमोटनं बंद केल्यावर साधारण अर्ध्या वॅटवर येतो. लाल दिवा उगाच बदनाम झालाय. खादाड त्याच्या शेजारीच बसलेला असतो: सेट-टॉप बॉक्स. टीव्ही बंद करून तासभर झाला की त्याच्या पाठीवर हात ठेवून पाहा, अजून कोमट लागेल. रिमोटचं बटण दाबलं की पुष्कळशा जुन्या डब्यांत फक्त चित्र जातं, आतला कारभार चालूच राहतो. झोपलेल्याला उठवता येतं. सोंग घेतलेल्याचं काय करणार?

प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर आणून मी आमचा डबा तपासला. चालू असताना 12 वॅट, 'बंद' असताना 11. आमच्याकडे टीव्ही दिवसाला पाच तास चालतो. उरलेल्या 19 तासांचा हिशेब वर्षाला 76 युनिटांवर जातो. कुणीही न पाहिलेल्या मालिकांची ही वीज.

आता 'कितीसं बिल येणार'वाले. महावितरणच्या घरगुती दराच्या पायऱ्या असतात: 100 युनिटांपर्यंत एक दर, 300 पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, म्हणजे महागड्या पायरीवरून कमी होतं. दहा रुपये युनिट धरलं तरी एका डब्याचे वर्षाला 760 रुपये होतात. भाजीवाल्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या शहराला ही रक्कम चिल्लर वाटावी, हे मला पटत नाही. मॉलचा मुद्दा खरा आहे, पण शेजाऱ्याचा नळ गळतो म्हणून आपलाही उघडा ठेवायचा, हा कुठला न्याय?

शिवाय डबा एकटा नाही. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात आमचं पुणे होतं. मुदत होती 31 मार्च 2013. सरकारनं डबा सक्तीचा केला, तो किती वीज खाईल हे विचारायचं मात्र राहिलं. असे आठ लाख डबे दहा-दहा वॅट घेत बसले, तर आठ मेगावॅट झाले. पानशेत धरणाच्या पायथ्याचं जलविद्युत केंद्र तेवढ्याच क्षमतेचं आहे. आणि हेच शहर 2006 मध्ये भारनियमनातून सुटण्यासाठी उद्योगांच्या स्वतःच्या जनित्रांची महागडी वीज घ्यायला तयार झालं होतं, जास्त वापराच्या घरांनी त्याचा जादा आकारही भरला. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचं कौतुक झालं. मेगावॅटची किंमत आपल्याला ठाऊक नव्हती असं नाही.

"सारखं बंद-चालू केलं की वस्तू बिघडते," हा आक्षेप मी सोडून देतो. रात्री एकदा बंद, संध्याकाळी एकदा चालू, याला सारखं म्हणत नाहीत. खरी अडचण वेगळी आहे. डबा पुन्हा जागा व्हायला दोन-तीन मिनिटं घेतो आणि तेवढ्यात बातम्यांचे मथळे निघून जातात. ही तक्रार मला मान्य आहे. राउटर, सोसायटीचा कॅमेरा, दाराचा इंटरकॉम यांनाही कुणी हात लावू नये. ते पहाऱ्यावर आहेत.

पण उपाय फक्त ग्राहकाच्या बोटावर का सोडायचा? आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेनं 1999 मध्येच एका वॅटचं लक्ष्य मांडलं. युरोपीय संघानं 2010 पासून साध्या स्टँडबायला एका वॅटची आणि 2013 पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. आपल्याकडेही ऊर्जा दक्षता ब्यूरो आहेच. 2020 पासून स्टार असलेला नवा एसी सुरू होताना आपसूक 24 अंशांवर येतो, तो त्याच्याच नियमामुळे. त्यासाठी कुणाला प्रवचन द्यावं लागलं नाही. डब्यालाही असाच दंडक हवा: बंद म्हणजे बंद, आणि उठायचं ते झटकन.

तोवर आपल्या हातात एक गोष्ट आहे, जी अमेरिकेतल्या बहुतेक घरांत नसते: प्रत्येक सॉकेटला स्वतःचा खटका. ही सोय आपण काय करतो, तर टीव्हीच्या लाकडी पॅनेलमागे बुजवून टाकतो. कोथरूडपासून खराडीपर्यंत नव्या फ्लॅटमध्ये भिंत मासिकाच्या मुखपृष्ठासारखी दिसते आणि बटण गाठायला सुताराला बोलवावं लागतं.

मी गेल्या महिन्यात वायरमनला बोलावून आमचा खटका पॅनेलमागून काढून सोफ्याच्या हाताशी आणला. त्याला काही हे पटलं नाही. "काका, रिमोट आहे की," म्हणाला. मी त्याला डब्यावर हात ठेवायला सांगितलं.