काय हुडकायलात?

गेल्या दिवाळीनंतरच्या वीकेंडला मॉल, मल्टिप्लेक्स आणि लोणावळ्याचं ट्रॅफिक या तिघांनाही टांग मारून आम्ही चौघं गेवराईला गेलो. हो, बीड जिल्ह्यातलं गेवराई. ऑफिसात सांगितलं तेव्हा ‘कुणाचं लग्न?’ एवढाच प्रश्न आला. लग्नबिग्न काही नाही. आम्हाला एक डबा लपवायचा होता.

जिओकॅशिंग हा फंडा ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली आणि साध्या माणसांच्या हातातली यंत्रं एका रात्रीत कितीतरी अचूक झाली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं ओरेगॉनमध्ये एक बादली लपवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा! शोधा, वहीत नाव लिहा, काही घेतलं तर तेवढ्याच मोलाचं काही ठेवा. खेळ एवढाच. आज तो जगभर चालतो.

जागा आमच्या टीममधल्या मित्रानं सुचवली होती. त्याच्या गावात, घरच्याच शेताला लागून, एक जुनी गढी आहे. गढी म्हणजे त्या काळचं फार्महाऊस म्हणा हवं तर, पण मुळशीतलं स्विमिंग पूलवालं नव्हे. खाली दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या हातभर जाड भिंती, कोपऱ्यात बुरूज. शेतीचा कारभार, धान्य आणि वेळ आलीच तर संरक्षण, सगळं एका छताखाली. आता छत नाही. बुरूजही अर्धा उरलाय. गावातल्या माळवदांवर पावसाळ्याआधी टाकायला हीच माती बरी म्हणून लोक ती वर्षानुवर्षं नेत आले.

गाडीवाटेनं चाललो. दोन्हीकडे फुटलेला कापूस, वेचणीला वाकलेल्या बाया, आणि मधूनच आमच्या ब्रँडेड शूजकडे बघून फिस्सकन हसणारी पोरं. गढीपाशी पोचलो आणि मी मोबाईल समोर धरून भिंतीलगत येरझारा घालायला लागले. जाड भिंतीजवळ बाण जाम भरकटतो, पाच पावलं इकडे, पाच पावलं तिकडे. तेवढ्यात मागून आवाज.

“काय हुडकायलात?”

मित्राची चुलतआजी. हातात विळा.

“काही नाही आजी, डबा ठेवायचाय. मोबाईलमध्ये जागा येते ना, मग लोक शोधत येतात.”

मला वाटलं, केवढं सोपं करून सांगितलं! आजींचा चेहरा उतरला. त्यांनी आम्हाला बुरुजामागे नेलं. तिथे कमरेएवढे तीन खड्डे. एक तर अगदी ताजा. बाजूला फुटलेला नारळ आणि सुकलेली लिंबं.

“अवसंच्या राती येत्यात,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावानीच. हातात मिशीन घिऊन.”

गुप्तधन! आपल्याकडे ट्रेझर हंट म्हटलं की टीम-बिल्डिंग आठवतं. इथे त्याचा अर्थ वेगळा. जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं, असा १८७८ चा कायदा आहे. खड्डे खणणाऱ्यांना त्याचं काय? शिवाय याच तालुक्यात राक्षसभुवन आहे. तिथे १० ऑगस्ट १७६३ ला थोरल्या माधवरावांनी निजामाची फौज मोडली, त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर पडला आणि पूर आलेल्या गोदावरीपलीकडून निजामाला मदतीला येता आलं नाही. मित्राची थिअरी अशी, की पळत्या फौजेनं सोनं पुरल्याच्या गप्पा एकदा सुरू झाल्या की एकही गढी सुटत नाही.

“धन व्हतं की,” आजी म्हणाल्या आणि विळ्यानं एक बुजलेला गोल खळगा दाखवला. “पेव. ज्वारीचं. बहात्तरच्या दुष्काळात सासऱ्यानं उघडलं. तेवढंच धन.”

आता आली पंचाईत. खेळाचे नियम कडक आहेत. खणायचं नाही आणि जागेच्या मालकाची परवानगी हवी. आम्ही परवानगी मित्राची घेतली होती, मित्रानं कुणाचीच नाही! रीतसर विचारलं, तर आजी म्हणाल्या, डबा ठेवा, पण जागेचा पत्ता जगाला देऊ नका. पत्ता दिला नाही तर तो जिओकॅश कसला? नुसताच डबा की हो. आमच्यात तिथेच उभ्याउभ्या वाद झाला. एकाचं म्हणणं, उलट चार लोक दिवसाढवळ्या येत राहिले तर खणणारे बिचकतील. पॉइंट बरोबर वाटला मला. पण रात्री तिथे आम्ही नसणार, आजी असणार. मी मोबाईलमधला पिन डिलीट केला.

चहा पिताना आजींनी डबा उलटासुलटा करून पाहिला. झाकणाच्या क्लिपा चार वेळा उघडल्या, लावल्या.

“ह्याला मुंगी लागायची न्हाई,” त्या म्हणाल्या.

वही, पेन्सिल आणि कंपनीची दोन कीचेन्स आम्ही परत आणली. डब्यात आता जवसाची चटणी आहे. चुलीवरच्या फळीवर, डावीकडून दुसरा. अक्षांश-रेखांश मागू नका!