लेथपुढचा पारदर्शक आडोसा

मैत्रिणींनो, झाकण लावल्याशिवाय मिक्सरचं बटण आपण दाबतो का? नाही ना! मग घरामागच्या पत्र्याच्या शेडमधलं लेथ मशीन उघडंच का फिरू द्यायचं? आपल्या जळगाव-धुळ्याकडे पंपाचा शाफ्ट, बुश अशी कामं घरच्याच लेथवर करणारी मंडळी आहेत. चहाचा कप घेऊन शेडमध्ये जाणाऱ्या आपणच. आणि लोखंडाचा तापलेला कीस उडतो तेव्हा तो कारागीर कोण नि चहा आणणारी कोण, ते पाहत नाही.

कारखान्यात डोळ्यांना धोका असेल तिथं आडोसा किंवा चष्मा हवा, असं 1948 सालच्या कारखाना कायद्यानं सांगितलं होतं. पण घरच्या शेडमध्ये तपासायला कुणी येत नाही. तिथं इन्स्पेक्टर आपणच व्हायचं!

आधी प्लास्टिक निवडू या. बोर्ड रंगवणाऱ्याकडचा पारदर्शक तुकडा स्वस्तात मिळतो, पण तो बहुधा अॅक्रिलिकचा असतो. जोराचा मार बसला की त्याच्या टोकदार ठिकऱ्या होतात. आपल्याला हवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा, 4 ते 5 मि.मी. जाड, भरीव. छपराला वापरतात तो पोकळ नको. शंका आली तर एक अरुंद पट्टी पक्कडीत धरून, डोळ्यांना चष्मा लावून वाकवायला सांगा. अॅक्रिलिक कडकन मोडतं, पॉलिकार्बोनेट वाकतं.

कृती अशी : 6 इंची चकला साधारण 12 इंच लांब-रुंद तुकडा पुरतो. वरचा कागद काढू नका, ओरखडे पडत नाहीत. बारीक दात्यांच्या हॅक्सॉनं कापा आणि कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, कारण चीर कडेच्या खाचेतूनच सुरू होते. 6 मि.मी.च्या बोल्टला भोक 8 मि.मी.चं पाडा. आपल्या खानदेशातल्या वैशाखात प्लास्टिक फुगतं, त्याला जागा हवी. खाली रबरी वायसर घाला, आणि बोल्ट आवळताना जीव खाऊन आवळू नका.

लेथच्या मागं, टेबलाला लोखंडी अँगल उभा करा. त्याच्या डोक्यावर बिजागरी, आणि बिजागरीला चकवरून पुढं येणारी पट्टीची चौकट. चौकटीला पत्रा असा बसवा की तो चकच्या पुढ्यात तिरका उतरेल आणि जॉब बांधताना वर उचलता येईल. चकचे जबडे पूर्ण बाहेर आले तरी मध्ये दोन इंच मोकळी जागा राहायला हवी. मेन स्विच बंद करून चक हातानं एक फेरा फिरवून पाहा, टूलही या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून पाहा. कुठं अडलं नाही, तरच मशीन सुरू.

साफसफाई आपल्या हातची. आधी पाण्यानं धूळ घालवा, मग साबणाचं पाणी आणि जुन्या सुती साडीचा मऊ तुकडा. कोरडं घासू नका, राख नि तारेची घासणी तर नकोच. थिनर, पेट्रोल लावलं तर पत्र्याला बारीक तडे जातात. तडा दिसला किंवा पत्रा पिवळा पडला, की बदलायचा.

पण एक ध्यानात ठेवा. हा आडोसा कीस अडवतो, सुटलेला जॉब किंवा चकमध्ये विसरलेली चावी अडवेलच असं नाही. म्हणून चष्मा आडोशामागेही हवाच. आणि शेडमध्ये जाताना आपला पदर कमरेला खोचलेला, वेणी बांधलेली हवी. चहा मशीन थांबल्यावरच द्यायचा, बरं का!

इतकं करूनही कुणाच्या डोळ्यात कण गेलाच, तर चोळू देऊ नका. दूध, मध, तूप काही घालू नका. रुतलेला कण स्वतः काढू नका. डोळ्यावर दाब न येईल असं स्वच्छ झाकण ठेवून थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या.

"इतकी वर्षं काही झालं नाही," असं घरातून उत्तर येईल. वाद घालू नका. आडोसा खाली येईपर्यंत चहा मात्र चुलीवरच राहू द्या!