बटण लहान, काम मोठे

फेब्रुवारी २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात एक सहा आसनी विमान ठेवले होते. कांदिवलीचे वैमानिक अमोल यादव यांनी ते इमारतीच्या गच्चीवर बांधले. त्याचे कात्रण आमच्या फाइलीत आहे. परवा वस्तीतला, आयटीआयला इलेक्ट्रिशियन शिकणारा एक मुलगा ते पाहून म्हणाला, “काका, घरी बांधलेल्या विमानाला आपलं दिव्याचं बटण चालेल का?”

आम्ही पडलो बी.कॉम., जमाखर्चाची माणसे. पण प्रश्न चांगला होता. म्हणून थोडे वाचन केले, ते वाचकांपुढे ठेवतो.

घरच्या बटणावर ६ अँपिअर, २४० व्होल्ट असे छापलेले असते. हा आकडा एसी विजेसाठी. एसी वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे बटण बंद करताना उडालेली ठिणगी आपोआप विझते. विमानात बॅटरीची डीसी वीज. ती शून्यावर येतच नाही. १४ व्होल्टच्या विमानात ठिणगी फारशी टिकत नाही, पण २८ व्होल्टला ती हट्टी होते आणि बटणातले पितळ-चांदीचे टोक जाळते. म्हणजे छापील आकडा खोटा नाही, तो दुसऱ्या खात्यातला आहे!

त्यात पुन्हा बटणामागे काय जोडले आहे, हे पाहावे लागते. तारेचा थंड बल्ब लावताच पहिल्या क्षणी नेहमीच्या पंधरापट वीज ओढतो. म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने १९९८ च्या पुस्तिकेत कोष्टकच दिले आहे. १२ व्होल्टवर बल्बसाठी पाचपट, मोटारीसाठी दुप्पट क्षमतेचे बटण घ्यावे. २४ व्होल्टवर हेच आठपट आणि तिप्पट. आमच्या विद्यार्थ्याने लगेच हिशेब केला: १२ व्होल्टवर पाच अँपिअरचा दिवा, तर बटण पंचवीसचे. हल्ली एलईडी दिवे आल्याने हा भार पुष्कळ हलका झाला.

मग इंजिन सुरू करणारी मोटार शेकडो अँपिअर घेते, तिचे बटण केवढे असेल? तर तेही लहानच. साहेब बेल दाबतात, फाइलींचा गठ्ठा शिपाई उचलतो, तसेच हे. बटण फक्त कॉन्टॅक्टरच्या गुंडाळीला वीज देते आणि मोठा प्रवाह कॉन्टॅक्टर जोडतो. मात्र ही गुंडाळी बंद होताना उलटा झटका मारते व बटणाचे टोक खाते. तिच्यावर एक लहानसा डायोड बसवला की झटका तिथेच जिरतो. चार पैशांची वस्तू, पण विसरली तर बटण कालांतराने चिकटू किंवा मरू शकते, आणि दोष दुकानदाराला दिला जातो.

अमेरिकेत घरी विमाने बांधणाऱ्यांची संस्था १९५३ पासून आहे. त्या मंडळींना वीजजोडणी शिकवणाऱ्या रॉबर्ट नकल्स यांचे म्हणणे आम्हास फार पटले. कधीच बिघडणार नाही असे बटण शोधत बसू नये. कोणतेही एक बटण मेले तरी विमान सुखरूप उतरेल, अशी जोडणी करावी. इंजिनाची ठिणगी विजेवर चालत असेल, तर सगळे एकाच मुख्य बटणातून नेणे म्हणजे आकाशात इंजिन बंद पाडण्याची सोय करणे होय. महागडे बटण घेऊन हा दोष जात नाही.

जुन्या धाटणीच्या इंजिनाला मॅग्नेटो असतात, बहुधा दोन, आणि ते बॅटरीवाचून चालतात. त्यांचे बटण उलटे आहे. वायर जमिनीला जोडली म्हणजे मॅग्नेटो बंद. वायर तुटली किंवा बटणातून निसटली, तर मॅग्नेटो चालूच. आकाशात हे बरे, कारण इंजिन थांबत नाही. जमिनीवर मात्र बटण ‘बंद’ दाखवते आणि कुणी सहज पंखा हाताने फिरवला, तर इंजिन पेट घेऊ शकते.

हे ऐकून मुलगा गप्प झाला. मग म्हणाला, “म्हणजे काका, पंख्याजवळ जाताना बटणाकडे बघायचंच नाही. तो चालू आहे असंच धरायचं.”