शिकार तोंडात आली पाहिजे

मे महिन्यात भंडाऱ्याचा पारा ४५ अंशांकडे सरकला की पाळीव कुत्र्यांचे फिरणे आखडते. सकाळी आठ-नऊलाच डांबर तापू लागते आणि नवतपाच्या नऊ कडक दिवसांत तर सूर्य मावळल्यावरही रस्त्यावर पंजा टेकवत नाही. मग घरात कोंडलेला लॅब्राडोर चपला फाडतो, दारावर ओरखडे काढतो. अशा वेळी कोणीतरी सुचवते, ‘लेझर आणा की!’ खुर्चीत बसून बटण दाबायचे आणि लाल ठिपका फरशीवर, भिंतीवर फिरवायचा. दहा मिनिटांत कुत्रा धापा टाकतो आणि ‘झाला व्यायाम’ असे आपण समजतो.

माझे मत स्पष्ट आहे. कुत्र्यासाठी लेझर घेऊ नका. घेतला असेल तर आजपासून बंद करा.

याचे कारण कळायला कोका किंवा नागझिऱ्याच्या जंगलाकडे पाहावे. तिथले कोळसून, म्हणजे रानकुत्री, कळपाने शिकार करतात. आधी चाहूल, मग नजर रोखणे, दबा, पाठलाग, झडप, चावा आणि शेवटी खाणे. आपला कुत्रा कोळसुनाचा नव्हे, लांडग्याचा वंशज. पण शिकारीची ही साखळी त्याच्याही अंगात आहे. माणसाने हजारो वर्षांत तिच्या काही कड्या ठळक केल्या, काही बोथट केल्या. मेंढ्या वळवणाऱ्या जातीत नजर रोखणे आणि पाठलाग टोकदार झाले, लॅब्राडोरमध्ये उचलून आणणे. चेंडूमागे धावणारा कुत्रा शेवटी चेंडू दातांत धरतो तेव्हा ही साखळी पुरी होते.

लेझरमध्ये ती पुरी होतच नाही. ठिपक्याला वास नाही, वजन नाही, चव नाही. कोणी म्हणेल, जंगलातही कितीतरी शिकारी फसतात. खरे आहे. पण चितळ निसटले की कोळसुनाला ते कळते. अंतर वाढते, दम संपतो, पाठलाग तिथेच थांबतो. ठिपका मात्र नाकासमोर, पंजाखाली असतो आणि तरीही हाती लागत नाही. मग बटण सुटते आणि तो नाहीसा होतो. कुठे गेला याचा काहीच माग उरत नाही.

बटण सुटल्यानंतरचा कुत्रा एकदा नीट पाहा. तो फरशी हुंगतो, ठिपका होता ती जागा चाटतो, पलंगाखाली डोके घालतो, भिंतीकडे टक लावून बसतो. अंग थकलेले असते, पण डोके शांत झालेले नसते. काही कुत्री इथेच अडकतात. मग पितळी ताटावरून उठलेला कवडसा, मनगटी घड्याळाची चमक, पंख्याची सावली, मोबाइलचा उजेड, जे हलेल त्यामागे ती धावू लागतात. हाक मारली तरी वळत नाहीत, समोरचे जेवण सोडतात. पशुवैद्यक या अवस्थेला सक्तीचे वर्तन म्हणतात. बॉर्डर कोलीसारख्या मेंढपाळी जातींत उजेड-सावलीचा हा नाद विशेष दिसतो. मांजरांबाबत २०२१ मध्ये कोगन आणि ग्रिग या संशोधकांनी मालकांची पाहणी केली. लेझरचा खेळ जितका वारंवार, तितके असे विचित्र, पुन्हापुन्हा होणारे वागणे अधिक, असा संबंध त्यांना आढळला. लेझर हेच कारण असे त्यातून सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. पण सावध व्हायला एवढे पुरे आहे.

‘शेवटी बिस्कीट देतो की,’ असे काही जण सांगतात. न देण्यापेक्षा ते बरे. पण बिस्कीट मालकाच्या हातून आले, ठिपका तर अजून मोकळाच आहे. दुसऱ्या दिवशी कुत्रा बिस्कीट नव्हे, ठिपका शोधतो.

डोळ्यांचा धोका वेगळाच. अमेरिकेच्या मानक संस्थेने २०१३ मध्ये १२२ लेझर पॉइंटर तपासले. त्यातले हिरवे सुमारे ९० टक्के आणि लाल ४४ टक्के सुरक्षेच्या नियमांत बसले नाहीत. यात्रेत किंवा आठवडी बाजारात मिळणाऱ्या स्वस्त लेझरवर छापलेल्या शक्तीच्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय गुळगुळीत फरशीवर सुसाट धावून गर्रकन वळताना पाय घसरतो, गुडघा दुखावतो. वाढत्या पिल्लाच्या सांध्यांना तर हा मारच आहे.

मग तापत्या दुपारी करायचे काय? नाकाला काम द्या. कुत्र्याचे खरे जग वासाचे आहे. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन आठवडे हुंगून शोधण्याचा खेळ खेळलेली कुत्री, नुसती मालकाच्या पायाला पाय लावून चालायला शिकवलेल्या कुत्र्यांपेक्षा अधिक आशावादी आढळली. आपल्या धानाच्या जिल्ह्यात त्यासाठी काही विकत आणायला नको. खोक्यात मूठभर कोरडी, स्वच्छ तणीस, म्हणजे धानाचा पेंढा घ्या. त्यात उकडलेल्या अंड्याचे किंवा पोळीचे बारीक तुकडे लपवा. कांदा मात्र कुत्र्याला विषासारखा, तो चुकूनही नको. पहिल्यांदा त्याच्या देखत लपवा, नंतर नजरेआड. चार खोल्यांत चार जागी ठेवून ‘शोध’ म्हणा. पंधरा मिनिटांच्या अशा शोधानंतर अनेक कुत्री आपणहून गार फरशीवर ताणून देतात.

पाठलागच हवा असेल तर काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला जुन्या धोतराची चिंधी बांधा. जमिनीलगत फिरवा, पिल्लाला उड्या मारायला लावू नका आणि दर थोड्या वेळाने चिंधी पकडू द्या. हिसका मारू द्या, ओढू द्या, मग ‘सोड’ म्हणा आणि सोडली की खाऊचा तुकडा द्या. पाठलाग तोच, फक्त शेवट होतो. आणि फिरवणे पहाटेच ठेवा. मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर उजाडताना हवा गार असते, हुंगायला सारे गाव असते. दोरी सैल सोडा आणि घाई करू नका.

कुत्रा आधीच उजेडामागे लागला असेल तर त्याला ओरडू नका आणि मजा म्हणून हसूही नका, दोन्हींनी नाद वाढतो. लेझर पूर्ण बंद करा, पडदे ओढा आणि कवडसा दिसण्याआधीच त्याचे लक्ष नाकाच्या खेळात गुंतवा. तरी थांबत नसेल तर पशुवैद्यकाला दाखवा. नजरेचा किंवा मेंदूचा आजारही कधी असाच दिसतो आणि नाद घट्ट झाला असेल तर औषधांचाही उपयोग होतो. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्यापासून तासा-दीड तासाच्या वाटेवर आहे.

लेझरचे आकर्षण माणसाच्या सोयीचे आहे. आपण जागचे हलायचे नाही आणि कुत्र्याने थकायचे. पण कुत्रा घरात आणणे म्हणजे दररोज थोडा वेळ त्याच्या नावावर करणे. तेवढा वेळ नसेल तर कुत्रा आणू नका. आणलाच असेल तर त्याच्या धावण्याला शेवट द्या, तो त्याचा हक्क आहे.