चाकांवरून नॅशनलपर्यंत

टीव्हीवर फिगर स्केटिंग बघून घरातलं कुणी "मलाही हे करायचंय" म्हणतंय का? आपल्या देशात बर्फाच्या मोठ्या रिंक मोजक्याच. त्यामुळे झाशीचं प्रेम नगर असो की पुणे, सुरुवात बहुधा चाकांवरच होते. याला आर्टिस्टिक स्केटिंग म्हणतात. गिरक्या, उड्या, संगीत, सगळं तसंच!

हैदराबादच्या अनुप कुमार यामाने 2010 च्या ग्वांगझू एशियाडमध्ये याच खेळात दोन कांस्यपदकं जिंकली. एक एकट्याने, दुसरं अवनी पांचालसोबत जोडीने.

वाट अशी: क्लब, जिल्हा, राज्य, मग नॅशनल. वयोगट जन्मदाखल्यावर ठरतो, तो आधीच काढून ठेवा. जिल्हा स्पर्धा किरकोळ समजू नका, पुढची निवड तिथूनच सुरू होते. तापामुळे किंवा मामाच्या लग्नामुळे ती चुकली, तर बहुधा वर्षभर थांबावं लागतं. आणि हो, झाशीत राहणाऱ्यांचं राज्य उत्तर प्रदेश, आजोळ कोल्हापूरचं असलं तरी!

सुट्टीतले स्केटिंग वर्ग मजेचे असतात, पण माझ्या मते महागडे स्केट्स घेण्याआधी एवढं विचाराच: तुमचा क्लब जिल्हा संघटनेशी जोडलेला आहे का, आणि तिथे आर्टिस्टिक शिकवतात की फक्त स्पीड?